प्रादेशिक वाहतूक आणि जमीनवापर: सिनारिओ प्लॅनिंग निर्णयापर्यंत कसं न्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: लहानमोठी अनेक शहरं मिळून झालेल्या एका प्रदेशाचा २५ वर्षांचा वाहतूक आराखडा तुमच्या प्रादेशिक नियोजन संस्थेला करायचा आहे. सल्लागारांनी चार सिनारिओ, म्हणजे भविष्याची चार संभाव्य चित्रं, दिली आहेत: ‘आहे तसंच पुढे’, ‘केंद्रांभोवती दाट वाढ’, ‘स्वयंचलित गाड्यांचं युग’ आणि ‘दीर्घ मंदी’. बैठकीत सदस्य शहरांनी विचारलं, यातला खरा कुठला होणार? अध्यक्षांनी विचारलं, मग त्या प्रस्तावित बायपासचं काय करायचं? दोन्ही प्रश्नांवर कुणाकडे उत्तर नव्हतं. आता पुढे कसं जावं?

आधी ती यादी मोडा. तिच्यात दोन निराळ्या जातीच्या गोष्टी एकाच माळेत ओवल्या आहेत. केंद्रांभोवती दाट वाढ होऊ द्यायची की नाही हे पूर्णपणे नसलं तरी बऱ्याच अंशी तुमच्या सदस्य शहरांच्या हातात आहे. झोनिंग, म्हणजे कुठे काय आणि किती बांधता येईल याचे नियम, त्यांचं, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइनी त्यांच्या, रस्त्याचा पैसा तुमच्यामार्फत जातो. मंदी येणार की नाही, स्वयंचलित गाड्या कधी रस्त्यावर येणार, हे मात्र त्या बैठकीतल्या कुणाच्याच हातात नाही. दोन्ही गोष्टी एका रांगेत उभ्या केल्या की लोक त्यातल्या गोजिऱ्या चित्राला हात वर करतात आणि मंदीचा सिनारिओ ‘नापसंत’ म्हणून बाद होतो. मंदी नापसंत केल्याने ती टळत नाही.

हा घोळ होतो याचं कारण म्हणजे सिनारिओ प्लॅनिंग या एकाच नावाखाली दोन घराणी नांदतात. पहिलं जुनं. १९५० च्या दशकात रँड कॉर्पोरेशन या अमेरिकी संशोधन संस्थेत हर्मन कान अणुयुद्धाच्या शक्यता अशा पद्धतीने मांडत होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शेल कंपनीत पिएर वॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच रीत तेलाच्या बाजाराला लावली, आणि १९७३ चा तेलधक्का बसला तेव्हा तशा शक्यतेची चर्चा कंपनीत आधीच होऊन गेली होती. या घराण्याचा प्रश्न असा की बाहेर काय काय घडू शकतं, आणि घडलंच तर आपण त्यात तगू का. दुसरं घराणं शहर-नियोजनातलं, प्रामुख्याने १९९० च्या दशकातल्या अमेरिकेतलं. ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडच्या ‘मेट्रो’ या प्रादेशिक सरकारने २०४० डोळ्यांसमोर ठेवून वाढीचे पर्याय लोकांपुढे ठेवले: नागरी हद्द बाहेर सरकवायची, आहे त्याच हद्दीत सगळं सामावायचं, की काही वाढ शेजारच्या छोट्या शहरांकडे वळवायची. इथला प्रश्न वेगळा आहे. आपल्याला कसं वाढायचं आहे?

तुम्हाला दोन्ही लागणार आहेत, पण वेगवेगळ्या कागदांवर. एका कागदावर तुमचे पर्याय, म्हणजे जमीनवापराचे आणि गुंतवणुकीचे. दुसऱ्यावर बाहेरची परिस्थिती. नंतर पहिल्यातला प्रत्येक पर्याय दुसऱ्यातल्या प्रत्येक परिस्थितीत घालून बघायचा. पुढे जे लिहितो ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

पर्यायांचा कागद आधी घेऊ, कारण त्यात लोकांचा सहभाग सगळ्यात जास्त असतो आणि फसवणूकही सगळ्यात सोपी असते. पहिली अट अशी की येणारी लोकसंख्या आणि नोकऱ्या सगळ्या पर्यायांत सारख्याच धरायच्या. एका पर्यायात पाच लाख माणसं आणि दुसऱ्यात साडेतीन लाख धरली, तर दुसऱ्यात कोंडी कमी दिसणारच. त्यात जमीनवापराचं कर्तृत्व काहीच नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘एन्व्हिजन यूटा’ या उपक्रमाने सॉल्ट लेक सिटीच्या भोवतालच्या पट्ट्यासाठी ए, बी, सी, डी असे चार सिनारिओ केले, त्यात हे पथ्य पाळलं होतं. लोकसंख्या तीच, फक्त मांडणी वेगळी. सर्वांत पसरट ‘ए’ला सुमारे ४०० चौरस मैल नवी जमीन लागत होती, सर्वांत दाट ‘डी’ला १०० पेक्षाही कमी. लोकांचा कल ‘सी’कडे गेला. मला त्यातलं सर्वांत शिकण्यासारखं वाटतं ते वेगळंच: पायाभूत सुविधांच्या खर्चात ‘डी’ काही ‘सी’पेक्षा स्वस्त निघाला नाही. दाट म्हणजे स्वस्त, अजून दाट म्हणजे अजून स्वस्त, असं सरळ गणित मांडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पुढे २००० साली सॉल्ट लेक काउंटीच्या मतदारांनी सार्वजनिक वाहतुकीसाठी विक्रीकर वाढवायला होकार दिला. १९९२ मध्ये त्यांनी तोच विषय फेटाळला होता. याचं सगळं श्रेय सिनारिओंच्या पदरात घालू नका. मधे, १९९९ अखेरीस, लाइट रेलची, म्हणजे शहरी हलक्या रेल्वेची, पहिली लाइन सुरू झाली होती आणि २००२ चं हिवाळी ऑलिंपिक तोंडावर होतं. तरीही ‘ही रेल्वे कशासाठी’ याचं उत्तर तोवर बऱ्याच लोकांच्या तोंडी तयार झालेलं होतं.

लोकांकडून पर्याय काढून घेण्याची या प्रकल्पांतली ठरलेली रीत म्हणजे चकत्यांचा खेळ. टेबलावर प्रदेशाचा मोठा नकाशा, भोवती आठ-दहा जण, हातात कागदी चकत्यांचा गठ्ठा. एक चकती म्हणजे नकाशावरची अमुक जमीन आणि आजच्या सरासरी दाटीने तिच्यावर बसणारी घरं. नियम एकच, सगळ्या चकत्या नकाशावर बसल्या पाहिजेत. सुरुवातीला सगळे मोकळ्या पांढऱ्या भागावर भराभर चकत्या पसरतात. मग कुणीतरी म्हणतं, अहो, इथे दर पावसाळ्यात पाणी भरतं. चकती उचलली जाते. दुसरा म्हणतो, ही बागायती जमीन आहे, इथे नको. तिसऱ्याला डोंगरउतारावरची खटकते. नकाशा संपतो आणि हातात चकत्या उरतात. तेव्हा तीन-चार विरळ चकत्या परत देऊन एक दाट चकती घेण्याची सोय असते, आणि ती कुठे ठेवायची यावर खरी घासाघीस सुरू होते. बसस्थानकाजवळ चालेल, आमच्या गल्लीत नको. जुन्या गिरणीच्या जागेवर चालेल, पण शाळा कुठे आहे? या घासाघिशीत प्रत्येक टेबलावर एक टिपून घेणारा माणूस बसवा. कुठली चकती कुणी नाकारली आणि काय कारण दिलं, एवढंच त्याने लिहायचं. बहुतेक ठिकाणी शेवटच्या नकाशाचा फोटो काढून ठेवतात आणि ही कारणं हवेत विरतात. वास्तविक दोन वर्षांनी झोनिंग बदलताना नगरसेवकाला जो विरोध होणार आहे, त्याचा अख्खा मसुदा त्या टिपणात असतो.

आता आकड्यांकडे. ‘दाटी वाढवा, गाड्या कमी होतील’ हे वाक्य जवळपास प्रत्येक सादरीकरणात असतं, आणि अर्धवट असतं. रीड युइंग आणि रॉबर्ट सर्व्हेरो यांनी २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून जो निष्कर्ष काढला, त्यात नुसत्या लोकसंख्येच्या दाटीची लवचिकता उणे ०.०४ निघाली. म्हणजे बाकी सगळं तसंच ठेवून दाटी १० टक्क्यांनी वाढवली, तर गाड्यांचे किलोमीटर जेमतेम ०.४ टक्के घटतात. नोकऱ्या आणि इतर ठिकाणं किती आवाक्यात आहेत याची लवचिकता मात्र उणे ०.२० च्या आसपास, म्हणजे पाचपट. यातून निघतं ते असं की प्रदेशाच्या काठावर, नोकऱ्यांपासून लांब, दहा मजली इमारतींचा ठिपका रंगवला तर तो नकाशावर ‘दाट वाढ’ दिसतो, पण तिथला माणूस गाडीनेच जातो. सल्लागारांचा ‘केंद्रांभोवती वाढ’ हा सिनारिओ उघडून बघा. केंद्रं कुठे धरली आहेत? जिथे नोकऱ्या आहेत तिथे, की जिथे जमीन रिकामी आहे तिथे?

मॉडेलबद्दल एक गोष्ट बजावून सांगतो, कारण बायपासचा प्रश्न इथेच अडकलेला असतो. बहुतेक संस्थांकडचं प्रवास-मागणीचं मॉडेल चार टप्प्यांचं असतं: किती फेऱ्या निघतात, कुठून कुठे जातात, कशाने जातात, कुठल्या रस्त्याने जातात. जमीनवापर त्याला बाहेरून दिला जातो. मग बायपास ‘असताना’ आणि ‘नसताना’ अशी तुलना करताना दोन्हीकडे तोच जमीनवापर घालतात. म्हणजे वीस मिनिटं वाचवणारा नवा रस्ता झाला तरी त्याच्या कडेला एकही घर, एकही गोदाम उभं राहणार नाही, असं गृहीत धरलं जातं. असा बायपास कागदावर कोंडी फोडतोच. जाइल्स ड्युरँटन आणि मॅथ्यू टर्नर यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या महानगरांचा अभ्यास करून दाखवलं की आंतरराज्य महामार्गांच्या लेन जितक्या टक्क्यांनी वाढतात, जवळपास तितक्याच टक्क्यांनी त्यांवरचं वाहन चालवणंही वाढतं. म्हणून बायपास ‘असताना’चा जमीनवापर वेगळा काढायलाच हवा. त्यासाठी अर्बनसिमसारखं जमीनवापराचं स्वतंत्र मॉडेल असेल तर उत्तम. नसेल तर स्थानिक बिल्डर, जमिनीचे दलाल आणि नगररचनाकार यांना एका दुपारी बसवा आणि विचारा, हा रस्ता झाला तर पुढच्या दहा वर्षांत तुम्ही कुठे बांधाल? उत्तर मॉडेलच्या मानाने ओबडधोबड असेल, पण ‘काहीच बदलणार नाही’ या गृहीतकापेक्षा खूप बरं.

उलट बाजूचीही चूक असते. पोर्टलंडच्या पश्चिमेला १९९० च्या सुमारास वेस्टर्न बायपास प्रस्तावित होता. ‘१००० फ्रेंड्स ऑफ ओरेगॉन’ या संस्थेने त्याला ‘लुट्रॅक’ नावाचा पर्याय उभा केला: बायपासऐवजी लाइट रेल आणि तिच्याभोवती चालत जाता येतील अशा वस्त्या. पण तेव्हाच्या मॉडेलला चालणारा माणूस दिसतच नव्हता. मग त्यांनी प्रत्येक विभागाला पादचारी परिस्थितीचे गुण दिले. रस्ता ओलांडणं किती सोपं, फुटपाथ सलग आहेत का, गल्ल्या एकमेकींना जोडलेल्या आहेत का, चढउतार किती. हे चार घटक मॉडेलमध्ये घातल्यावर दोन पर्यायांची तुलना निदान एका पातळीवर आली. पुढे तो बायपास बारगळला. मॉडेल ज्या गोष्टीला आंधळं आहे, त्या गोष्टीवर उभा असलेला पर्याय त्यात हरणारच, हे बैठकीत आकडे ठेवण्याआधी तपासून घ्या.

दुसरा कागद, बाहेरच्या परिस्थितीचा. इथे लोकांचं मत मागायचं नाही, जाणकारांची कल्पनाशक्ती ताणायची. जोराच्या शक्तींची यादी करा: इंधन आणि विजेचे भाव, घरून काम, जन्मदर आणि स्थलांतर, सरकारी अनुदान, पूर आणि उष्णता, स्वयंचलित गाड्या, ऑनलाइन खरेदीमुळे वाढणारी मालवाहतूक. त्यातल्या ज्या जवळपास निश्चित आहेत, उदाहरणार्थ लोकसंख्येचं वय वाढणं, त्या सगळ्याच परिस्थितींमध्ये सारख्या ठेवा. ज्यांचा परिणाम मोठा आणि दिशा मात्र अनिश्चित, अशा दोन-तीन उचला आणि त्यांच्यावर तीन-चार जगं रचा. फिलाडेल्फिया भागाच्या प्रादेशिक नियोजन आयोगाने २०१६ मध्ये अशा पाच शक्ती घेतल्या होत्या. त्यात टिकून राहणारी शहरी ओढ, कंत्राटी कामाची अर्थव्यवस्था, तीव्र हवामान आणि मागणीनुसार मिळणारी वाहतूक होती, आणि अमेरिकेतली ऊर्जेची भरभराटही होती. सॅन फ्रान्सिस्को बे एरियाच्या महानगर वाहतूक आयोगाने ‘होरायझन’ या उपक्रमात तीन जगं रचली, आणि मला आवडलेला भाग म्हणजे ते तिथे थांबले नाहीत. मोठमोठे वाहतूक प्रकल्प तिन्ही जगांत घालून त्यांचा लाभ-खर्च प्रत्येक जगात वेगळा काढला.

प्रत्येक जगाची आतली संगती तपासा. पेट्रोल स्वस्त आणि विजेच्या गाड्यांचा झपाट्याने प्रसार, दोन्ही एकत्र धरायचे असतील तर ते का, हे एका परिच्छेदात सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर ते जग टाकून द्या. आणि कृपा करून तीनच जगं ‘कमी, मध्यम, जास्त’ अशी करू नका. सगळे मधलं उचलतात आणि बाकी दोन छापण्यापुरती उरतात.

आता दोन्ही कागद एकावर एक ठेवायचे. एक मोठा तक्ता, उभ्या रांगांत जगं, आडव्या ओळींत प्रकल्प आणि धोरणं. समजा तुमच्याकडे चार ओळी आहेत: बायपास, जुन्या मुख्य रस्त्यावर बससाठी वेगळी मार्गिका, नदीवरच्या पुलाची दुरुस्ती आणि स्थानकांभोवती झोनिंगमध्ये सूट. जोरदार वाढ आणि स्वस्त प्रवासाच्या जगात बायपास सुरुवातीला छान दिसतो, पण कडेची बांधकामं मोजली की काही वर्षांत भरतो. मंदीच्या जगात त्याचा स्थानिक हिस्सा उभा राहत नाही, टोल धरला असेल तर तोही पडतो. घरून कामाच्या जगात सकाळची गर्दी पसरट होते, आणि बायपासचा बहुतेक फायदा वाचलेल्या वेळात मोजलेला असल्यामुळे तो फायदाच वितळतो. पुलाची दुरुस्ती सगळ्या जगांत लागतेच. बसमार्गिका तीन जगांत चालते आणि चौथ्यात फसली तर रंग पुसून परत रस्ता करता येतो. झोनिंगच्या सुटीला पैसा फारसा लागत नाही, राजकीय बळ लागतं.

या तक्त्याची सरासरी काढू नका. कुणीतरी हमखास प्रत्येक जगाला संभाव्यता देऊन एकच गुण काढायला सांगतं. तसं केलं की सिनारिओंचं काम संपतं आणि तुम्ही पुन्हा एका अंदाजावर येऊन बसता. ओळ आडवी वाचा. कुठला प्रकल्प एकाच जगात उभा राहतो? कुठला फसला तर मागे फिरता येत नाही? कुठला आज नाही केला तर पुढे करताच येणार नाही? या तीन प्रश्नांनी बहुतेक यादी आपोआप गाळली जाते.

सदस्य शहरांचा प्रश्न उरतो. प्रादेशिक संस्थेला झोनिंगचा अधिकार क्वचितच असतो. कॅलिफोर्नियाने २००८ मध्ये एसबी ३७५ हा कायदा करून महानगर संस्थांना वाहतूक आराखड्याबरोबर जमीनवापराची रणनीतीही करायला लावली, पण जमीनवापराचा अधिकार शहरांकडेच ठेवला. त्यामुळे निवडलेला सिनारिओ प्रत्यक्षात उतरवायचा तुमचा मुख्य लगाम म्हणजे पैसा. बे एरियात २०१२ पासून ‘वन बे एरिया ग्रँट’ या अनुदानातला ठरावीक वाटा शहरांनी स्वतः निवडलेल्या वाढीच्या क्षेत्रांतच खर्च करावा लागतो. अटलांटाच्या प्रादेशिक आयोगाने आधी छोट्या केंद्रांच्या आराखड्यांना पैसा दिला आणि मग त्या आराखड्यांतून निघालेल्या कामांना. मला दुसरी रीत जास्त चालणारी वाटते, कारण तिच्यात शहराने आधी काहीतरी कबूल केलेलं असतं. निधीवाटपाचे निकष बदलल्याशिवाय सिनारिओ मंजूर करून घेण्यात तुमचे श्रम घालवू नका.

आणि खुणा ठरवा. अमेरिकेत महानगर वाहतूक आराखडे दर चार किंवा पाच वर्षांनी नव्याने करावे लागतात. तुमच्याकडेही काही ना काही फेरआढावा असेलच. पुढच्या आढाव्यात काय मोजायचं ते आजच लिहून ठेवा: वाढीच्या क्षेत्राबाहेर किती बांधकाम परवाने गेले, एका ठरावीक मोजणी-ठिकाणी सकाळच्या गर्दीच्या तासात किती वाहनं गेली, घरून काम करणाऱ्यांचं प्रमाण, स्थानिक महसूल. प्रत्येकापुढे एक उंबरठा आणि तो ओलांडला तर कोण काय करेल. उंबरठा नसलेले निर्देशक म्हणजे वार्षिक अहवालातली शोभा.

‘खरा कुठला होणार’ याला बैठकीत एक वाक्य पुरे: कुठलाच जसाच्या तसा होणार नाही, आणि आपण प्रत्येकात काय करू तेवढंच तपासतो आहोत. फार समजावत बसू नका. तक्ता समोर आला की तो प्रश्न सहसा पुन्हा येत नाही.

बायपासबद्दल अध्यक्षांना द्यायचा मसुदा मी साधारण असा लिहीन. आराखड्याच्या पहिल्या टप्प्यात पूर्ण बायपास नाही. त्याऐवजी जुन्या रस्त्यावरचे सर्वांत वाईट चौक सुधारणं, बसमार्गिका आणि पूल. बायपासची जागा राखायची असेल तर आखणी जाहीर करण्याआधी त्याच्या कडेला किती ठिकाणी रस्ता जोडू देणार आणि तिथलं झोनिंग काय असणार, यावर संबंधित शहरांचा लेखी करार. कारण नकाशावर रेघ ओढली की जमिनीचे भाव त्याच आठवड्यात हलतात, आणि मग रस्ता व्हावा म्हणून झगडणारे लोक तयार होतात. पुढच्या आढाव्यात वर ठरवलेल्या मोजणी-ठिकाणी वाहनांचा आकडा उंबरठ्यापुढे गेला, आणि वाढीच्या क्षेत्राबाहेरचे परवाने मर्यादेत राहिले, तरच दोनपदरी पहिला भाग विचारात घ्यायचा. परवाने मर्यादेबाहेर गेले असतील तर कोंडी दिसत असूनही नाही. या दुसऱ्या अटीवर बैठकीत सगळ्यात जास्त आवाज चढेल, तेव्हा ती विषयपत्रिकेत वर घ्या, लोक दमायच्या आत.